डोक्याला मार, मणक्याला दुखापत आणि भरपाईचा दावा: पुण्यातले अनुभव हवे आहेत

वनाझ_कॉर्नर:
नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण आता अडलंय म्हणून धागा काढतेय.

माझा धाकटा दीर, वय ३४, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. जूनमध्ये मित्राच्या गाडीतून साताऱ्याहून परत येत होता. नवीन कात्रज बोगदा संपून नवले पुलाकडे उतार लागतो तिथे मागून ट्रक आदळला. हा मागच्या सीटवर, पट्टा लावलेला नव्हता. मेंदूत रक्तस्राव झाला, काही दिवस व्हेंटिलेटरवर होता. मित्राचा फक्त हात मोडला. गुन्हा ट्रकचालकावर दाखल आहे.

आता दीर चालतो, बोलतो, जेवतो. भेटायला येणारे म्हणतात, वाचला हेच खूप. पण दूध गॅसवर ठेवून विसरतो, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, भाजीवाल्याशी दहा रुपयांवरून अंगावर जाईपर्यंत भांडतो. इतर वेळी सांगितल्याशिवाय अंघोळीलाही उठत नाही. कंपनीने रुजू करून घेतलं होतं, महिन्याभरात "अजून विश्रांती घ्या" म्हणून घरी पाठवलं.

सरकारी वैद्यकीय बोर्डाने ३० टक्के अपंगत्व लिहून दिलंय. ट्रकच्या विमा कंपनीकडून एक गृहस्थ येऊन गेले, येत्या लोक अदालतीत मिटवून टाका म्हणाले. आकडा ऐकायला मोठा वाटतो. शिवाय म्हणे मित्राने अचानक लेन बदलली, त्यामुळे निम्मेच पैसे मिळणार. मित्रावर केस करायची हा विषय काढला तरी सासूबाई रडायला लागतात. काय करावं?

खवचट_सदाशिव:
नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच उतारावर एका अवजड वाहनाने कित्येक गाड्या ठोकल्या. मग पाहणी झाली, पाट्या लागल्या, रम्बलर आले, कॅमेरे आले. उतार मात्र आहे तिथेच आहे आणि न्यूट्रलमध्ये उतरणारे ट्रकही.

कामाचं बोलायचं तर त्या गृहस्थांच्या कोणत्याही कागदावर सही करू नका. कंपनी आपणहून घरी पैसे घेऊन येते तेव्हा समजावं की तिला द्यावे लागणार असलेले पैसे याहून बरेच जास्त आहेत. बाकी काळा_कोट सांगतील, ते इथे फुकट सल्ला देतात, कोर्टात देत नाहीत.

काळा_कोट:
सदाशिवराव, आभार.

ताई, आधी मुदत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज करायला १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांची अट आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. जूनचा अपघात म्हणजे डिसेंबरच्या आत अर्ज शिवाजीनगर कोर्टात दाखल झाला पाहिजे. कागद मागाहून जोडता येतात. अपघात कुठेही झालेला असो, दावेदार पुण्यात राहतो म्हणून पुण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. तुमचा तर अपघातही इथलाच आहे.

दुसरं, मित्र. तुमचा दीर गाडी चालवत नव्हता, त्याची चूक शून्य. दोन वाहनांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली तर तो तिसरा माणूस दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो, त्या दोघांनी आपसात वाटण्या कराव्यात. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेन्येई प्रकरणात हे स्पष्ट केलंय. त्यामुळे "निम्मेच मिळणार" हे साफ खोटं. तरीही मित्राला आणि त्याच्या विमा कंपनीला सामनेवाले करा, म्हणजे ट्रकवाले गैरहजर माणसावर खापर फोडू शकणार नाहीत. सासूबाईंना सांगा की मित्राच्या खिशातून पैसे जाणार नाहीत, त्याची विमा कंपनी आहे. फक्त त्याची पॉलिसी पाहून घ्या. पॅकेज म्हणजे सर्वसमावेशक पॉलिसीत गाडीतल्या प्रवाशांना संरक्षण असतं, नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खासगी गाडीतल्या प्रवाशाला नसतं. ट्रकच्या दृष्टीने मात्र तुमचा दीर त्रयस्थच, तिथे ही अडचण नाही.

पट्ट्याचा मुद्दा ते काढतील. मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा आहे. पण नियम मोडला एवढ्याने रक्कम कापता येत नाही. पट्टा असता तर इजा कमी झाली असती हे त्यांनी पुराव्याने दाखवायचं असतं.

आता मुख्य गोष्ट, ते ३० टक्के. बोर्डाचा दाखला शरीराचं अपंगत्व सांगतो. भरपाई ठरते कमावण्याची ताकद किती गेली त्यावर. राजकुमार विरुद्ध अजयकुमार, सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. त्यात उदाहरण आहे की डावा हात गेला तर दाखल्यावर टक्केवारी साठाच्या आसपास येईल, पण माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई शंभर टक्के गेली. तुमच्या दिराचं काम डोक्याचं. तिथेच मार आहे.

आकड्यात बघा. समजा कर कापून महिना ६० हजार. वर्षाचे ७ लाख २० हजार. चाळिशीच्या आतला, कायम नोकरीतला, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ५० टक्के धरायचे, झाले १० लाख ८० हजार. वर्षाच्या कमाईला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात, तो गुणक वय ३४ ला १६. एकूण १ कोटी ७२ लाख ८० हजार. याचे ३० टक्के म्हणजे ५१ लाख ८४ हजार. न्यायाधिकरणाने कमाईचं नुकसान ७० टक्के धरलं तर १ कोटी २० लाख ९६ हजार. दाखला तोच, माणूस तोच. त्या गृहस्थांचा आकडा यातल्या कुठल्या ओळीजवळ बसतो ते तपासा. आणि हा फक्त कमाईचा भाग झाला. उपचार, पुढचे उपचार, देखभाल, वेदना, आयुष्यातला आनंद हिरावला जाणं, हे वेगळं.

वनाझ_कॉर्नर:
बाप रे. त्यांचा आकडा पहिल्या ओळीच्याही बराच खाली आहे.

रिकामटेकडा:
कोणाला राग आला तर येऊ दे. चालता-बोलता माणूस आणि सव्वा कोटी? हे पैसे शेवटी आपल्याच प्रीमियममधून जातात. मला पण विसरायला होतं, बायकोवर चिडतो पण, मी कोणाकडे मागू?

फिजिओताई:
@रिकामटेकडा, तुम्हाला विसरायला होतं ते आठवतं आणि लाज वाटते, म्हणून तुम्ही इथे विनोद करू शकता. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसलेल्या माणसाला बऱ्याचदा आपलं काही बिघडलंय हेच कळत नाही. मी न्यूरो रिहॅबमध्ये काम करते, रोज बघते.

ताई, दवाखान्याचे कागद काढा आणि पहिल्या दिवशीचा ग्लासगो कोमा स्केल शोधा, जीसीएस म्हणून लिहिलेला असतो. ३ ते १५ असा आकडा. ८ किंवा कमी म्हणजे गंभीर, ९ ते १२ मध्यम. व्हेंटिलेटरवर होता म्हणजे बहुधा ८ च्या खाली असणार. हा आकडा दाव्यात फार महत्त्वाचा, कारण दोन वर्षांनी समोर उभा राहिलेला धडधाकट दिसणारा माणूस पाहून कोणीही म्हणेल की एवढं काय झालंय.

दुसरं, सीटी स्कॅनवर भिस्त ठेवू नका. सीटी रक्तस्राव छान दाखवतो. पण जोरात धक्का बसून मेंदूतले धागे आतल्या आत ताणले, तुटले असतील तर सीटी जवळपास नॉर्मल येऊ शकतो. एमआरआयमध्ये एसडब्ल्यूआय नावाची तपासणी असते, तिच्यात बारीक रक्तस्रावाचे ठिपके दिसतात. न्यूरोसर्जनला विचारा, केली नसेल तर करून घ्या.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी. स्मरणशक्ती, लक्ष, नियोजन, निर्णय हे सगळं काही तास बसवून मोजतात. बोर्डासमोर दहा मिनिटांत हे कळत नाही. तिथे हातपाय हलवून बघतात, नाव-गाव-तारीख विचारतात, आणि तुमचा दीर ते सगळं बरोबर सांगणार! बंगळुरूच्या निम्हान्समध्ये हे काम फार चांगलं होतं, पुण्यातही करणारे आहेत.

आणि घरातल्या एकाने वही ठेवा. तारीख टाकून, काय झालं तेवढंच. "स्वभाव बदलला" असं लिहू नका, "गॅस चालू ठेवून बाहेर गेला, शेजाऱ्यांनी वास आला म्हणून सांगितलं" असं लिहा.

काळा_कोट:
वहीबद्दल दुजोरा. आणि त्याच्या टीम लीडची किंवा एचआरची साक्ष काढता आली तर शंभर दाखल्यांच्या बरोबरीची. आधीचं अप्रेझल आणि परत घेतल्यानंतरच्या महिन्यातल्या कामाचे ईमेल शेजारी ठेवले की न्यायाधीशांना फारसं समजवावं लागत नाही.

उपचार करणाऱ्या डॉक्टरची साक्ष लागतेच. डॉक्टर कोर्टात यायला टाळाटाळ करतात, तेव्हा कोर्टाने नेमलेल्या कमिशनरमार्फत त्यांच्या दवाखान्यात साक्ष नोंदवता येते. त्यासाठी अर्ज करा.

तळमजला:
वनाझताई, तुमचं वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या मिस्टरांना मणक्याला मार. ते एका कंपनीची गाडी चालवायचे. नगर रोडला उभ्या गाडीला मागून डंपरने उडवलं. कंबरेखाली संवेदना नाही. दावा लागून निकाल झालाय, म्हणून जे कळलं ते सांगते.

आमच्या दाखल्यावर ८० टक्के होते. कोर्टाने १०० धरले, कारण ड्रायव्हरला पाय नाहीत तर काय उरलं. त्यावर फार वाद झाला नाही. वाद झाला तो देखभालीवर. विमा कंपनीचे वकील म्हणाले, सगळं बायकोच करते, अटेंडंट ठेवलेला नाही, मग खर्च कुठला? मी पिंजऱ्यात उभी होते. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची असते नाहीतर जखमा होतात. दिवसातून चार-पाच वेळा कॅथेटर. पोट साफ करायचं. मी शिवणकाम करायचे, ते बंद झालं. हे सगळं लोकांसमोर सांगायला जीव नको होतो, पण सांगितलं. आमच्या वकीलबाईंनी काजल नावाच्या मुलीचा निकाल दाखवला.

बिलांचं म्हणाल तर आम्ही पहिल्या काही महिन्यांची बिलं फाइल केली, पुढे कॅथेटर, डायपर, मलम रोजच्या किराण्यासारखं झालं आणि बिल मागायचं भान राहिलं नाही. तुम्ही मागत जा. रिक्षाचेसुद्धा.

आणखी एक, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो, लिफ्ट नाही. खाली भाड्याने घर घेतलं. भाड्यातला फरक आणि बाथरूमचं दार रुंद करायचा खर्च मागितला होता. दार मिळालं, भाडं नाही मिळालं.

काळा_कोट:
तळमजलाताईंनी ज्या निकालाचा उल्लेख केलाय तो काजल विरुद्ध जगदीशचंद, ५ फेब्रुवारी २०२०. बारा वर्षांची मुलगी, २००७ चा अपघात, मेंदूला इतकी इजा की आयुष्यभर लहान बाळासारखं सांभाळावं लागणार. खालच्या न्यायाधिकरणाने सुमारे ११ लाख दिले होते, उच्च न्यायालयाने सुमारे २६ लाख, सर्वोच्च न्यायालयाने ६२ लाख २७ हजार. त्यात देखभालीसाठी दोन माणसं, प्रत्येकी महिना ५ हजार, गुणक १८, असे २१ लाख ६० हजार धरले. म्हणजे देखभालीलाही गुणक लावायचा, ढोबळ लाखभर रुपये देऊन मोकळं व्हायचं नाही. मेंदू आणि मणक्याच्या दाव्यांत मी सर्वांत आधी हाच निकाल काढतो. घरच्या बाईने रात्री जागून केलं म्हणून त्या कामाची किंमत शून्य होत नाही.

पुढच्या खर्चाबद्दल एक समजून घ्या. निवाडा एकदाच होतो. पाच वर्षांनी जखम चिघळली, ऑपरेशन करावं लागलं, म्हणून पुन्हा येता येत नाही. नागप्पा प्रकरणात २००२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की म्हणूनच भविष्यातला उपचारखर्च त्याच निवाड्यात धरला पाहिजे. मागितलेल्या रकमेपेक्षा जास्त देता येते हेही त्याच निकालात आहे. व्हीलचेअर काही वर्षांनी बदलावी लागते, हवेची गादी बदलावी लागते, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

फिजिओताई:
तळमजलाताई, तुम्हाला हे माहीत असेल, पण इतर वाचणाऱ्यांसाठी. मणक्याची इजा जितकी वर तितकी जास्त. मानेत असेल तर हातही जातात, छातीच्या पातळीला किंवा त्याखाली असेल तर हात शाबूत. छातीच्या सहाव्या मणक्याची किंवा त्याच्या वरची इजा असेल तर एक धोका कायम असतो. मूत्राशय तुंबलं किंवा कॅथेटर दुमडला तरी अचानक डोकं फुटेल असं दुखतं, घाम फुटतो, रक्तदाब भसकन वर जातो. अशा वेळी आडवं झोपवायचं नाही, बसतं करायचं, नळी बघायची आणि तरी उतरत नसेल तर थेट दवाखाना. जनरल प्रॅक्टिशनरलाही काही वेळा हे पटकन लक्षात येत नाही. भरपाईच्या धाग्यात का सांगतेय, तर "रुग्णाला चोवीस तास कोणी जवळ लागतं का" या प्रश्नाचं उत्तर हेच आहे, आणि ते डॉक्टरांच्या साक्षीत आलं पाहिजे.

अपघाताच्या जागी हजर असाल तर माणसाला हातापायाला धरून ओढू नका. आग वगैरे नसेल तर मान स्थिर धरून ठेवा आणि १०८ ला फोन करा. खडकीला मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, तिथले जवान व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात. ते बघून माझे काही पेशंट पहिल्यांदा हसले होते. सामान्य नागरिकांसाठी तशी सोय पुण्यात फार तोकडी आहे, हे मात्र दुर्दैव.

खवचट_सदाशिव:
दवाखान्याच्या लॉबीत "केस आम्ही बघतो, मिळेल त्यात तीस टक्के" म्हणणारे दलाल भेटले नाहीत का अजून? भेटतील. आयसीयूच्या बाहेर नातेवाइकांआधी तेच हजर असतात.

काळा_कोट:
निकालावर टक्केवारी ठरवणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनुसार मना आहे. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

सुटे मुद्दे. मेडिक्लेममधून बिल भागलं असेल तरी ती रक्कम भरपाईतून वजा करता येत नाही, मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये हे ठरवलंय. अज्ञात वाहनाने उडवलं तर गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख, योजना वेगळी. आणि मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना आहे. दवाखान्याला तिच्याबद्दल तुम्हीच विचारा, आपणहून फारसं कोणी सांगत नाही.

लोक अदालतीबद्दल. तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नाही. मेंदूची इजा पाच महिन्यांत तडजोड करण्याजोगी स्थिर होत नाही.

फिजिओताई:
अगदी. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक, पण दीड-दोन वर्षं चालू राहते. उलटही होतं, काहींना अपघातानंतर वर्षभराने पहिला फिटचा झटका येतो. आता सही केलीत तर त्या फिटचा खर्च तुमचा.

रिकामटेकडा:
मागचा प्रतिसाद लिहिताना धागा नीट वाचला नव्हता. सव्वा कोटीवर अजून माझं मत आहेच, पण तळमजलाताईंचं वाचून त्यांच्यापुढे ते मांडायची इच्छा नाही. एक शंका मात्र खरी आहे. एवढी रक्कम त्या माणसाच्याच खात्यात जमा झाली आणि त्याला व्यवहार कळत नसेल तर?

काळा_कोट:
चांगली शंका आहे. न्यायाधिकरण साधारणपणे मोठा भाग मुदत ठेवीत ठेवायला सांगतं, व्याज खात्यात येतं, ठेव मोडायला परवानगी लागते. लोक वैतागतात, पण अशा प्रकरणांत मी स्वतःच तशी मागणी करतो.

वनाझ_कॉर्नर:
सगळ्यांचे मनापासून आभार. फिजिओताईंनी सांगितलेला जीसीएस सापडला, दाखल करताना ६ होता.

आज एक नवीन कळलं. आम्ही कोणी घरी नसताना विमा कंपनीचा तपासनीस येऊन गेला. दिराने त्याला चहा करून दिला, गप्पा मारल्या आणि लिहून दिलं की "मी आता ठणठणीत आहे, कामावर जायला तयार आहे, घरचे उगाच काळजी करतात." खाली सही. त्याला विचारलं तर म्हणतो, खरंच आहे की. आता संपलंच का सगळं?

फिजिओताई:
संपलं नाही. मी वर लिहिलं तेच हे. आपल्यात बिघाड आहे हे न कळणं हे या इजेचं लक्षण आहे. न्यूरोसायकॉलॉजिस्टला हा कागद दाखवा, अहवालात त्याची दखल घ्यायला सांगा.

काळा_कोट:
कागदाची तारीख, वेळ आणि घरात कोण नव्हतं हे आजच वहीत लिहून ठेवा. कंपनीने तो कोर्टात दाखल केला तर तपासनीसाला साक्षीला बोलवायला लावू आणि विचारू की मेंदूत रक्तस्राव झालेल्या माणसाचं लेखी, घरच्यांच्या गैरहजेरीत का घेतलं. असे कागद नीट उलटतपासणी झाली तर आपल्याच बाजूने बोलतात.

दुसरं, अर्ज दिराच्या एकट्याच्या सहीने करू नका. आपलं हित जपण्याइतकी त्याची मनःस्थिती नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर घरचं कोणीतरी त्याच्या वतीने नेक्स्ट फ्रेंड म्हणून दावा लावू शकतं, त्याला न्यायाधिकरणाची परवानगी घेऊ. सासऱ्यांपेक्षा तुम्ही किंवा तुमचे मिस्टर बरे, तारखा बरीच वर्षं चालतील.

वनाझ_कॉर्नर:
मीच होईन. सोमवारी शिवाजीनगरला येते. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, पगाराच्या पावत्या, इन्कम टॅक्स रिटर्न जमवलेत. ट्रकच्या विम्याचा तपशील परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून मिळाला. दिराला सोबत आणू का?

काळा_कोट:
सोमवारी नको, गर्दीत त्याला त्रास होईल. साक्षीच्या वेळी आणू. दोषारोपपत्राची नक्कल पोलिसांकडे मागा, झालं नसेल तर तसं लिहून घ्या. मित्राच्या पॉलिसीची प्रत विसरलात.

तळमजला:
आणि गाडी घेऊन जाऊ नका, कोर्टाजवळ लावायला जागा मिळत नाही. वनाझहून मेट्रोत बसा, थेट जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरा. लिफ्ट आहे. पुढे कधी त्यांना न्यायचं झालं तर तुम्हाला रस्ता माहीत असेल.